एकेरी धाग्याचा सांधा

सन दोन हजार सतरा. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. दात सगळे माझेच होते आणि मला फसवील असा माणूस वाडीत अजून जन्माला यायचा आहे, अशी माझी खात्री होती. त्या साली सांधेमामाने मला फसवलं असं मी धरून चाललो. ते कसं ते सांगतो, पण आधी मामा कसा होता ते सांगायला हवं.

मामाची पहिली खोड म्हणजे तो ओढून बघायचा. काहीही. तुमच्या घरी आला की 'बस' म्हणायच्या आधी त्याचा हात अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर. ती ओढून झाली की विहिरीच्या कळशीचा दोर, मग गोठ्यातलं दावं. गाय त्याच्याकडे बघायची, तो गाईकडे बघायचा नाही, दाव्याच्या गाठीकडे बघायचा. एका लग्नात त्याने मांडवाचा दोर ओढून पाहिला आणि अर्धा मांडव वऱ्हाडाच्या डोक्यावर आला. नवऱ्याचा बाप अंगावर धावून गेला. मामा शांत. म्हणाला, "माज्या हातान पडलो तां बरां झालां. वाऱ्यान पडलो असतो तर तुमच्या भातात पडलो असतो."

बोलतानासुद्धा तो समोरच्याच्या सदऱ्याचं बटण चिमटीत धरून हलकेच ओढायचा. सैल लागलं तर सांगायचा, "बायलेक सांग, दोन टाके मारूक." लोक हसायचे. मी कधी हसलो नाही. माझं बटण माझं आहे. ते घट्ट की सैल ते दुसऱ्याने का बघावं?

आमची वाडी मालवणच्या बाजूची, रापणीची. रापण एका घराची नसते. घराघराचा जाळ्याचा एकेक तुकडा, असे बावीस घरांचे बावीस तुकडे जोडून ते लांब जाळं होतं. होडी ते समुद्रात गोल टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर राहतात आणि माणसं दोन रांगा करून ओढतात. मधोमध खोला, म्हणजे जाळ्याची पिशवी. मासळी शेवटी तिथे जमते. ज्याचा तुकडा, त्याला वाटा. हे तुकडे दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी एकमेकांना शिवायचे, त्याला आम्ही सांधे घालणं म्हणतो. ते काम मामाचं, म्हणून तो सांधेमामा. खरं नाव त्याच्या रेशनकार्डावर असेल.

आमची रीत अशी की ज्याचा स्वतःचा तुकडा नाही त्यानेच सांधे घालायचे. तुकडेवाला माणूस आधी आपलं घट्ट करणार, हे आमच्या वाडवडिलांना ठाऊक होतं. मामा मूळचा वाडीचा नव्हे. शिरोड्याहून पोटासाठी आला, बायको लवकर गेली, मुलगी शिरोड्यालाच दिली. तुकडा नाही, होडी नाही, एक खोपटं आणि बांबूची एक सुई. त्याला अर्धा वाटा मिळायचा. लोक म्हणायचे, त्याचं कोणाकडे काही नाही म्हणून तो सगळ्यांना सारखा. मी म्हणायचो, ज्याचं काही जात नाही त्याच्या हातात सगळ्यांचं का द्यावं? मी शाळेत चौथीत बसलो, पुढे गेलो नाही, पण एवढा हिशेब मला येतो.

रापण ओढून वाळूवर पसरली की मामा अंगठ्याने सांधे चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. डोळे अर्धे मिटलेले. एकदा ताप येऊन दोन दिवस घरी पडला होता. तिसऱ्या दिवशी आला, अंगठा फिरवला आणि तांडेलाला म्हणाला, "उत्तरेच्या दोरार काल माणसां उशिरा इली." तांडेल म्हणजे आमच्या रापणीचा मुख्य. तो चकित झाला. "तुका कोणी सांगल्यान? तू निजलेलंस ना घरात?" मामा म्हणाला, "माका कित्याक इचारतंस? जाळ्याक इचार. दक्षिणेकडचे सांधे ताणले, उत्तरेचे थंड पडलेहत." उत्तरेच्या दोरावरचे चार जण खाली बघायला लागले. त्यात मी होतो. जाळं बोलतं यावर माझा विश्वास बसला नाही. कोणीतरी त्याच्या खोपटात जाऊन चहाड्या सांगतो, असं मी ठरवलं आणि महिनाभर कोण त्या वाटेने जातो ते बघत बसलो. एक कुत्रा सोडला तर कोणी जाताना दिसलं नाही.

दुसरी त्याची खोड चुन्याची. तंबाखू त्याच्या खिशात, चुना कधीच नाही. माझ्याकडे येऊन विचारायचा, "चुनो आसा?" मी डबी पुढे केली की म्हणायचा, "तुजो नको. धोंडीकडसून घेवन ये."

धोंडी म्हणजे माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या अंगणात एक गडगा, दगडी कुंपण. माझ्या मुलीच्या लग्नाला हा माणूस जेवायला आला नाही. गडग्यापलीकडे ओटीवर बसून राहिला, वरातीचे ढोल ऐकत. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही, त्याला नऊ वर्षं झाली होती. मामाला हे माहीत नव्हतं असं नाही.

"माझो चुनो काय कडू आसा?" मी विचारायचो.

"चुनो बरो आसा. पण वाटेर रोज पाय पडले नाय तर गवत येता."

मी कधी गेलो नाही. मामा मग तंबाखू तशीच खिशात घालून उठायचा. माझ्याकडे चुना मागायला धोंडीलाही पाठवायचा, असं मला नंतर कळलं. तोही कधी आला नाही. म्हणजे आमच्या दोघांच्या दारात मामाने कित्येक वर्षं बिनाचुन्याची तंबाखू खिशात परत नेली.

आता सतरा सालची गोष्ट. सांधे घालायच्या दोन दिवस आधी मी किनाऱ्यावर गेलो, तर होडीच्या आडोशाला धोंडी आणि मामा उभे. धोंडीने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मामाच्या हातात दिलं. मामाने ते ओढून पाहिलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. मला बघून धोंडी निघून गेला. मामा माझ्याकडे आला आणि काही झालंच नाही अशा तोंडाने म्हणाला, "घरात मेण आसा काय रे? मधाच्या पोळ्याचां?" होतं. दिलं. पण माझं डोकं त्या पुडीत अडकलं ते अडकलंच.

दोन दिवसांनी सुरूच्या झाडांखाली तुकडे मांडले तेव्हा माझा तुकडा खोल्याजवळ नव्हता. माझ्या बापसापासून आमचा तुकडा खोल्याला लागून. तो मान आहे. दोन्ही बाजूंना आमचे चुलतभाऊ. ते तिथेच होते आणि माझा तुकडा पार तिकडे, खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, बाजूच्या पंखात नेऊन ठेवलेला. शेजारी कोणाचा? धोंडीचा.

"माझो तुकडो हंय कोणी हाडल्यान?"

"मी," मामा म्हणाला. मान वर केली नाही.

"कित्या?"

"थंय दोनय बाजूक तुजे चुलतभाव. ते सांधे आता मी मेलंय तरी टिकतले. तुजो तुकडो दणकट. तो खडपाकडे होयो."

"आणि बाजूक ह्यो?"

"ह्यो म्हणजे कोण? नाव घी तेचां."

मी नाव घेतलं नाही. धोंडी चार हातांवर उभा होता. तो माझ्याकडे न बघता मामाला म्हणाला, "मामा, काय लोकांका पंगतीत मधलांच पान लागता."

"पंगतीत येणारो तरी होयो!" मी म्हटलं. तेही मामाकडे बघूनच.

"झालां?" मामा म्हणाला. "नव वर्सांत पयल्यांदा बोललास. माझ्या तोंडाकडे बघून का होयना."

सगळे हसले. माझ्या कानाची पाळी तापली. मग मी बघितलं, तो आमच्या दोघांच्या तुकड्यांचा सांधा एकेरी धाग्याने घालत होता. बाकीच्या घरांचे दुहेरी, खोल्याजवळ तर तिहेरी. आमचा तेवढा एकेरी, आणि टाकेही लांब लांब.

"ह्यो असो कित्या? हातान वडलो तर तुटात."

मामाने सुई थांबवली. "नवो सांधो आसा. पयल्या वर्साक एकेरी. ओढ खावन टिकलो, मगे फुडल्या वर्साक दुहेरी. मी घट्ट करून तो घट्ट होना नाय. आणि सगळेच सांधे सारके घट्ट केलंय, तर खडपार अडाकल्यार खंय फाटात ता देवाक ठावक. काय सुटूचां ता आधी ठरवूक होया."

"तर माझोच कित्याक सुटूचो?"

"कोणाचो तरी होयोच रे."

माझ्यासमोर चित्र स्वच्छ झालं. पुडीत पैसे असणार. धोंडीने मला खोल्यापासून हटवलं, वर सांधा कच्चा घातला, म्हणजे एके दिवशी सुटणार आणि वाडी म्हणणार याचा तुकडा कुचकामी, काढा बाहेर. सगळं जुळत होतं. संशयाची एक गोष्ट आहे, त्यात सगळं नेहमी जुळतं.

मी भर दुपारी गेलो. जेवून वाडी आडवी झाली होती, किनाऱ्यावर कावळेसुद्धा नव्हते. माझ्याकडे जाड नायलॉनचा धागा होता. मामाच्या टाक्यांवरून मी दुहेरी शिवत गेलो, बोटभर अंतरावर गाठ. हात माझा चांगला आहे, बापसाकडून शिकलोय. शेवटची गाठ आवळली आणि ओढून पाहिली. हलली नाही. घरी येऊन ताक प्यायलो आणि वर्षात झोपलो नव्हतो तसा झोपलो.

महिन्याभराने बांगडा आला. सकाळी पाण्याला रंग होता, वर पक्षी तुटून पडत होते. तांडेलाने हाक दिली, होडी गेली, जाळं पडलं. दोन्ही दोर भरून माणसं. असं जड जाळं मी पाच-सहा वर्षांत ओढलं नव्हतं. बायका टोपल्या घेऊन उभ्या. रखमावहिनी सगळ्यांत पुढे. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नव्हता, तिच्या घरात कमावतं काही असेल तर तो जाळ्याचा एक तुकडा. तो खोल्याच्या अलीकडे होता, मामाने मुद्दाम दोन दणकट घरांच्या मध्ये घातलेला.

निम्मं जाळं आलं आणि आमच्या बाजूचा दोर दगडासारखा झाला. खडपावर अडकलं. तांडेल ओरडला, "हळू! हळू वडा!" मामा गुडघाभर पाण्यात उभा होता. तो उलटंच म्हणाला, "वडा. माझो सांधो सुटात आता, जाळां मोकळां जायत. वडा!" आम्ही ओढलं. सुटलं नाही. मामाने मान वळवली आणि पुन्हा म्हणाला, "वडा," पण त्याचा आवाज बदलला होता. आम्ही पुन्हा ओढलं, आणि आवाज झाला. चादर फाडावी तसा, पण लांब, संपेना असा. माझ्या सांध्यापाशी काही झालं नाही. मधलं जाळं उभं फाटत गेलं. रखमावहिनीचा तुकडा, त्याच्या पुढचे तीन, आणि मग खोला. बांगडा बाहेर पडताना पाणी चंदेरी झालं, एवढं मला दिसलं. मग ते साधं पाणी झालं.

रखमावहिनी टोपली उलटी घालून तिच्यावर बसली.

जाळं किनाऱ्यावर आणल्यावर मामा अंगठा फिरवत चालत आला. माझ्या सांध्यापाशी थांबला. आमच्या घरातली गाठ डावीकडे वळते. माझा बापूस डावखुरा होता, त्याच्यासारखी मी मारतो. साऱ्या किनाऱ्यावर अशी गाठ दुसऱ्या कोणाची नाही. मामाने ती अंगठ्याखाली फिरवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. सैल बटण सापडल्यावर बघायचा तसं बघितलं. मग कमरेची सुरी काढून तो अख्खा सांधा कापून काढला आणि खिशात घातला.

"सांधो माझो चुकलो," तो तांडेलाला म्हणाला. "घट्ट झालो. म्हातारपणाक हात जड पडलो."

मग काय बोलले लोक ते लिहीत नाही. ज्यांच्या लग्नात त्याने मांडव ओढला होता तेही बोलले. तांडेल म्हणाला, फुडल्या वर्साक तू नको. मी तिथेच उभा होतो. चार पावलं पुढे जायचं आणि दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. माझे पाय वाळूत रुतले ते निघाले नाहीत. मी लाजलो असं कोणी समजू नये. मी विचार करत होतो, हा मला का वाचवतो? याला काय हवं? तो कापलेला सांधा खिशात का ठेवला?

त्यानंतर मी मामाच्या येण्याची वाट बघत राहिलो. हा येणार, तो सांधा दाखवणार आणि काहीतरी मागणार. माडावरचे नारळ मागेल, तुकड्यातला वाटा मागेल. तो आला, कपड्यांची दोरी ओढून पाहिली आणि विचारलं, "चुनो आसा?" मी डबी पुढे केली. "तुजो नको," म्हणाला. मागितलं ते एवढंच. मला तेही सोंग वाटलं.

फाटलेलं जाळं नीट करायला सगळी वाडी बसली. ते मामाचं शेवटचं काम. कोण कुठे बसायचं ते त्यानेच सांगितलं. एकाच फाटीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला धोंडी. विणत विणत दोघांनी मध्ये यायचं. पहिले चार दिवस आम्ही तोंडं फिरवून विणलं. पाचव्या दिवशी माझा धागा संपला, तेव्हा धोंडीने तोंड न फिरवताच आपली गुंडी माझ्याकडे सरकवली. सहाव्या दिवशी अंतर हातभर राहिलं आणि धोंडी म्हणाला, "तू माका आमंत्रण देवक इलंस नाय."

"काय?"

"चेडवाच्या लग्नाचां. अक्षता माज्या बायलेकडे टाकलंस आणि गेलंस. मी मागल्या दारी होतंय, खोकलंय पण. तू थांबलंस नाय."

नऊ वर्षं. मी खोकला ऐकला होता, तेही आठवलं. हा मुद्दाम आत बसलाय असं मला तेव्हा वाटलं होतं. मी सुई ओढत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, "मामाक ती पुडी कसली दिलंस?"

"कसली पुडी? धागो तो! नवो सांधो असलो की एका घरचो धागो, दुसऱ्या घरचां मेण. रीत इसारलंस? मेण तुज्याकडसूनच न्हेलेलां ना तेना?"

फाट मिटली. शेवटची गाठ कोणी मारायची यावर आमचं पुन्हा वाजलं, पण ते बोलून वाजलं.

दिवाळी झाल्यावर मामा शिरोड्याला मुलीकडे गेला. एसटीत बसवायला पाच-सहा जण होतो. त्याने गाडीच्या दाराचा दांडा ओढून पाहिला, कंडक्टर ओरडला, गाडी गेली. जातानाही त्याची खोड गेली नाही म्हणून सगळे हसले. मी घरी येईपर्यंत तोच विचार करत होतो, की सांधा याच्या सामानात आहे. आता हा शिरोड्याला बसून सगळ्या जगाला सांगणार.

पुढच्या वर्षी वाडीला सांधे घालणारा नव्हता. बिनतुकड्याचा माणूसच उरला नव्हता. ज्याने त्याने आपला सांधा घातला, सगळ्यांनी आपापला घट्ट केला. रापण दोनदा फाटली, दोन्ही वेळा मधोमध. दोन घरांनी तुकडे काढून घेतले. आणि जाळं फाटलं की कोणीतरी म्हणणारच, "ह्या सगळां त्या म्हाताऱ्यान सुरू केल्यान. हात चळाक लागल्यार कामाक हात लावचो नाय."

ते वाक्य मी किती वेळा ऐकलं मोजलं नाही. मोजलं असतं तर मामाकडे आधीच गेलो असतो.

एकोणीस सालच्या उन्हाळ्यात कळलं की मामा अंथरुणावर आहे. मी वेंगुर्ल्याला गाडी बदलून शिरोड्याला गेलो. घरात सांगितलं बाजाराला जातो. मुलीने ओळखलं नाही, मामाने ओळखलं. खाटेवर वाळलेल्या सुंगटासारखा, सुक्या कोळंबीसारखा वाकडा पडला होता. मी बसलो. त्याने हात पुढे केला आणि माझ्या सदऱ्याचं बटण ओढलं.

"बरां आसा," म्हणाला.

मी दोन वर्षं पोटात ठेवलेलं एकदम बाहेर काढलं. "मामा, तो सांधो खंय आसा?"

"खयचो?"

"माझो. तू कापलेलंस तो."

"तो? त्याच दिवशी चुलीत घातलंय. नायलॉन जळताना काय वास येता रे! शेजारीण भांडाक इली."

दोन वर्षं ज्याला भीत होतो त्याची त्याच दिवशी राख झाली होती.

"माझां नाव कित्याक घेतलंस नाय?"

मामाने खाटेची दोरी ओढून पाहिली. मग म्हणाला, "नाव घेतलंय असतंय तर तुजो तुकडो कापून काढूचो लागलो असतो. मगे तुज्या चुलतभावांनी आपले काढले असते, तेंच्या शेजाऱ्यांनी आपले. रापण काय धाग्यान रवता काय? काय तरी सुटूक होयां होतां. माझो तुकडोच नाय. मी सुटलंय." मग जरा हसला. "धोंडी बोलता काय?"

"बोलता. शिव्या घालता."

"मगे दुहेरी कर आता."

निघताना त्याने मुलीला हाक मारून बांबूची सुई आणायला लावली आणि माझ्या हातात दिली. मी विचारलं, माझो तुकडो आसा, माका ही कित्या? तो तंबाखूची पुडी चाचपत होता.

पाऊस लागून महिना झाला तेव्हा तो गेल्याचा फोन आला.

नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी सगळे सुरूंखाली जमले. तुकडे मांडायचे होते. कोण कुठे, यावरून आवाज चढले, आणि कोणीतरी पुन्हा तेच बोलला, म्हाताऱ्याचा हात चळलेला. या वेळी मी उठलो. पाय कसे निघाले ते मला माहीत नाही. मी सांगितलं. भर दुपार, जाड धागा, डाव्या गाठी, सगळं. मामाने कापलं ते आणि चुलीत घातलं तेही.

रखमावहिनी माझ्याकडे बघत होती. तिने एवढंच विचारलं, "तुमी थंयच होतास ना, भावजी? मी टोपलेर बसलंय तेवा?"

"होतंय," मी म्हटलं.

तांडेलाने बाकीच्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्या वर्साक तुजो तुकडो रापणीत नाय." चुलतभाऊ उठायला लागले. तुकडे काढणार म्हणाले. मी त्यांना शिव्या घातल्या आणि खाली बसवलं. माझा तुकडा मी स्वतः उचलला, खांद्यावर घेतला आणि घरी आणून माळ्यावर टाकला. बापसापासून पहिल्यांदा तो पौर्णिमेला माळ्यावर राहणार होता. बायको दारात उभी राहून बघत होती. जेवलो आणि पडलो.

आता वाडीत बिनतुकड्याचा मी एकटाच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाची सुई घेतली, गडगा चढून धोंडीच्या अंगणात उतरलो, त्याच्या कपड्यांची दोरी ओढून पाहिली आणि हाक मारली, "धोंडी, भायर ये. तुजो तुकडो आता रखमावहिनीच्या बाजूक. तो सांधो घालूचो आसा. धागो दी."